वॉशिंग्टनचे फर्मान आणि वाशीमचा शेतकरी

अमेरिकेत कोण राष्ट्राध्यक्ष झाला याचे सोयरसुतक वाशीम-रिसोडच्या शेतकऱ्याने कशासाठी बाळगावे, असा प्रश्न आपल्या बैठकांतूनही अधूनमधून विचारला जातो. प्रश्नात एक प्रामाणिक वैताग आहे. ज्याच्या घरात गेल्या हंगामाचे पीककर्ज थकले आहे, त्याला वॉशिंग्टनच्या राजकारणाचे पाठ देणे ही चैन वाटावी, हे स्वाभाविक आहे. परंतु त्याच शेतकऱ्याच्या सोयाबीनचा भाव बाजार समितीच्या आवारात ठरतो हा समज सोडला, म्हणजे हा प्रश्न उरत नाही. आवारात बोली लागते. भाव अन्यत्र ठरतो. तो जेथे ठरतो तेथे २० जानेवारी २०२५ पासून काय घडले, हे समजून घेणे म्हणूनच आपल्या कामाचा भाग आहे.

वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. १८६१ मध्ये लिंकन राष्ट्राध्यक्ष झाले, यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. चार वर्षे येथे पैशाचा पूर आला, ज्वारीच्या रानात कापूस आला. आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून शेतकऱ्याच्या हाती सावकाराचे खाते तेवढे राहिले. पुढे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळकडे किलिक निक्सन कंपनीची अरुंद रुळांची गाडी धावू लागली, ती आपल्या माणसांच्या सोयीसाठी नव्हती. कापसाचे गठ्ठे मुंबई बंदराच्या वाटेला लावण्यासाठी होती. भाव चढताना आपल्याला कोणी विचारले नाही, उतरतानाही विचारले नाही. या एका वाक्यात वऱ्हाडच्या शेतीचा दीडशे वर्षांचा इतिहास सामावतो.

दुसरा अनुभव धान्याचा. १९६५-६६ च्या दुष्काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पी. एल. ४८० चा गहू महिन्याच्या हिशेबाने, हात आखडून सोडला, कारण व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाविरुद्ध दिल्लीने काढलेले शब्द त्यांना रुचले नव्हते. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन करून डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला, त्यामागेही हाच दबाव होता. आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आलेल्या महाराष्ट्राने अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाल्ली, ती ज्यांनी खाल्ली ते अद्याप विसरलेले नाहीत. ही मिलो लेखाच्या ओघात पुन्हा यावयाची आहे.

आता नव्या राष्ट्राध्यक्षांच्या कारभाराकडे वळू. डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीला मस्क, बेझोस, झुकरबर्ग ही जगातील अतिश्रीमंतांची रांग मानाच्या जागी उभी होती. पूर्वी भांडवल पडद्यामागे बसत असे. या वेळी पडदाच काढून टाकण्यात आला. शासन 'कार्यक्षम' करण्याचे काम कोणत्याही निवडणुकीला सामोरे न गेलेल्या मस्क यांच्याकडे सोपविले गेले. सरकारी खात्यांतील गैरव्यवहारावर नजर ठेवणाऱ्या महानिरीक्षकांपैकी डझनाहून अधिकांना पहिल्याच आठवड्यात एका रात्रीत काढण्यात आले. शिक्षण खाते गुंडाळण्याचा हुकूम मार्चमध्ये निघाला. परदेशी मदतीच्या यूएसएड या संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाले आणि १ जुलै २०२५ ला ती संस्थाच बंद पडली. ४ जुलैला धनिकांच्या करसवलती कायम करणारा आणि गरिबांच्या आरोग्य योजनेला कात्री लावणारा कायदा झाला. कार्यक्षमता हा शब्द कोणासाठी आणि कोणाविरुद्ध वापरला जातो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

जगाच्या नेतृत्वाचेही तेच झाले. जागतिक आरोग्य संघटनेतून आणि पॅरिस हवामान करारातून बाहेर पडण्याचे हुकूम शपथविधीच्याच दिवशी निघाले. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ अमेरिकेने नेमणुका अडवून डिसेंबर २०१९ मध्येच निकामी केले होते. ज्या संघटनेत प्रवेश करताना आपल्या शेतकऱ्याला 'नियमांचे जग' दाखविण्यात आले, त्या संघटनेच्या न्यायासनाला अमेरिकेनेच कुलूप घातले. आणि का घातले, हेही जाणून घ्यावे. अमेरिकी कापसाच्या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने दाद मागितली तेव्हा याच मंडळाने २००५ मध्ये ब्राझीलच्या बाजूने निकाल दिला होता. नियम जोवर दुबळ्यांना बांधतात तोवर ते पवित्र असतात. बलवंताला बांधू लागले की ते जाचक ठरतात. जानेवारी २०२६ मध्ये व्हेनेझुएलावर लष्करी चढाई करून त्या देशाच्या अध्यक्षांना पकडून न्यूयॉर्कला नेण्यात आले, तेव्हा तर नियमांचा उल्लेख करण्याचीही गरज उरली नाही.

यावर दोन प्रकारचे भाष्य ऐकू येते. एक म्हणते, हा माणूस लहरी आहे, चार वर्षे कळ काढावी, सर्व पूर्ववत होईल. आपण समाजवाद्यांनी या भाबडेपणात वाटेकरी होण्याचे कारण नाही. पी. एल. ४८० चा गहू अडविणारे जॉन्सन लहरी नव्हते. कापसाला अनुदाने देणारी सरकारे दोन्ही पक्षांची होती. ज्या भांडवलाने कारखाने स्वस्त मजुरीच्या देशांत नेले आणि स्वदेशातील कामगाराला वाऱ्यावर सोडले, तेच भांडवल आता त्या कामगाराच्या संतापाला परदेशी माणसाची आणि परदेशी मालाची वाट दाखवीत आहे. व्यक्तीचा स्वभाव या धोरणाला रंग देतो. धोरणाचा सांगाडा मात्र वर्गहिताचा आहे. राष्ट्राध्यक्ष बदलल्याने भाषा सौम्य होईल, सांगाडा बदलणार नाही.

दुसरे भाष्य आपल्या राज्यकर्त्यांचे. २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या आणि २०२० मध्ये मोटेराच्या मैदानावर गळाभेटी झाल्या, तेव्हा मैत्री हेच परराष्ट्र धोरण असल्याचे सांगण्यात आले. या मैत्रीची किंमत ऑगस्ट २०२५ मध्ये कळली. ७ तारखेला भारतीय मालावर २५ टक्के जकात लागली आणि रशियाचे तेल घेतल्याचा दंड म्हणून २७ तारखेला आणखी २५ टक्के. यांच्या मधोमध, १५ ऑगस्टला, पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून आपण शेतकऱ्यासाठी भिंतीसारखे उभे असल्याची ग्वाही दिली. भिंतीला चौथ्याच दिवशी भगदाड पडले. १९ ऑगस्टपासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे कारंजा-मानोऱ्याचा शेतकरी नवा कापूस घेऊन बाजारात येण्याच्या नेमक्या महिन्यांत. अमेरिकेच्या जकातीचा मार कापड निर्यातदाराला बसला हे खरे. तिरुपूरच्या कामगाराची रोजी गेली हेही खरे. परंतु त्या माराची भरपाई सरकारने आपल्या तिजोरीतून केली नाही. ती कापूस उत्पादकाच्या खिशातून केली. मध्यम धाग्याच्या कापसाचा ७७१० रुपयांचा हमीभाव कागदावर होता. ज्याला खाजगी व्यापाऱ्याच्या दारी जावे लागले त्याला तो कागदावरच पाहावा लागला. १९७२ मध्ये सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना दोषांसह का होईना राज्याने उभी केली होती. ती मोडून काढणाऱ्यांनी शेतकऱ्याला कोणाच्या हवाली केले, हे अशा हंगामात दिसते.

आता सोयाबीनकडे पाहू, कारण वाशीम जिल्ह्याचे अर्थकारण त्यावरच उभे आहे. फेब्रुवारी २०२६ मध्ये उभय देशांनी व्यापार कराराची चौकट जाहीर केली. अमेरिकेने जकात १८ टक्क्यांवर आणण्याचे कबूल केले; मोबदल्यात भारताने ज्या शेतमालावरील शुल्क कमी किंवा रद्द करण्याचे मान्य केले, त्या यादीत सोयाबीन तेल आहे, डीडीजीएस आहे आणि पशुखाद्यासाठीची लाल ज्वारी आहे. होय, तीच लाल मिलो. १९७२ मध्ये ती दुष्काळाने आणली. या वेळी ती मुत्सद्देगिरीने आणली.

डीडीजीएस या आद्याक्षरांमागे काय दडले आहे, हे कार्यकर्त्यांनी गावोगाव समजावून सांगितले पाहिजे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा म्हणजे डीडीजीएस. त्यात प्रथिने असतात आणि कोंबडीखाद्यात तो सोयाबीनच्या पेंडीची जागा घेतो. सोयाबीनच्या दाण्यात तेल पाचव्या हिश्श्याहून कमी, बाकी बहुतेक पेंड. म्हणून पेंडीला उठाव नसेल तर दाण्याला भाव नाही. तेल आणि पेंड या दोन्ही बाजूंनी परदेशी माल आला, तर मधला शेतकरी जात्यात सापडलेल्या दाण्यासारखा भरडला जाईल. हे तर्कट नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला असता केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली, आणि नवे पीक बाजारात येता येता भाव निम्म्यावर घसरला. २०२५-२६ साठी हमीभाव ५३२८ रुपये होता. अतिवृष्टीने झोडपलेल्या त्या हंगामात खुल्या बाजाराचा दर त्याच्या खालीच रेंगाळला.

खुल्या बाजाराच्या पुरस्कर्त्यांनाही येथे दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. सरकारने हात काढून घ्यावा, जगाचा बाजार खुला व्हावा, म्हणजे शेतकऱ्याला रास्त दाम मिळेल, असे विदर्भात तीन-चार दशके सांगितले गेले. त्या मांडणीत सरकारी लुटीवर ठेवलेले बोट अचूक होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण जगाचा खुला बाजार आहे कोठे? चीनने अमेरिकेचे सोयाबीन घेणे थांबविले तेव्हा त्या देशाने आपल्या शेतकऱ्याला बाजाराच्या दयेवर सोडले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्यासाठी १२ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली आणि उरलेला माल खपविण्यासाठी दुसऱ्यांची दारे ठोठावली. वाशीमच्या शेतकऱ्याची स्पर्धा आयोवाच्या शेतकऱ्याशी नाही, अमेरिकेच्या खजिन्याशी आहे. आणि आपल्या बाजूचा खजिना काय देतो? ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान खुद्द वाशीमला आले आणि सन्मान निधीचा अठरावा हप्ता वाटून गेले. हप्ता दोन हजार रुपयांचा. क्विंटलमागे हजार रुपये भाव पडला, तर असा हप्ता दोन क्विंटलांत आटोपतो.

वॉशिंग्टनचे अनुकरण केवळ व्यापारात नाही. शासनाने आपल्या जबाबदाऱ्या झटकायच्या आणि त्याला सुधारणा म्हणायचे, हा धडा दिल्लीला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि श्रमिकांच्या लढ्यांतून महाराष्ट्राने रोजगार हमी उभी केली, तिला कायद्याचे अधिष्ठान दिले आणि पुढे देशाने २००५ मध्ये तिचे अनुकरण केले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत अल्पावधीत तो कायदा बदलून नवा आणला गेला. त्यातून गांधीजींचे नाव गेले आणि बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार आला. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत ज्या वाशीमचे नाव २०१८ पासून आहे, त्या वाशीममधून पोटासाठी परगावी जाणाऱ्या तांड्यांना या बदलाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागणार नाही.

तरीही दोन राजधान्यांत एक फरक आहे, आणि तो आपल्याला लाज आणणारा आहे. २० फेब्रुवारी २०२६ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की आणीबाणीच्या ज्या कायद्याखाली राष्ट्राध्यक्षांनी जगावर जकाती लादल्या त्या कायद्याने तसा अधिकार दिलेला नाही. राष्ट्राध्यक्षांनी लगोलग दुसऱ्या कायद्याचा आधार शोधून नवी जकात जाहीर केली, हे खरे. पण कर बसविण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा, हे तत्त्व तेथे उच्चारले गेले. २०२५ च्या जून आणि ऑक्टोबरमध्ये 'आम्हाला राजा नको' असे म्हणत लाखो सामान्य अमेरिकन रस्त्यावर आले. आपले भांडण त्यांच्याशी नाही. ते आपले सहप्रवासी आहेत. आपल्याकडे मात्र परराष्ट्राशी केलेला करार संसदेने मंजूर केलाच पाहिजे असे बंधनच नाही. ज्या कराराने कोट्यवधी शेतकऱ्यांचे जीवन बदलते, तो मंत्रालयाच्या बंद खोलीत ठरतो आणि तयार झाल्यावर निवेदनातून कळतो. आणीबाणीत एकाधिकारशाहीचा स्वाद घेतलेल्या चळवळीने ही त्रुटी इतकी वर्षे चालू द्यावी, हे योग्य नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. शेतीला स्पर्श करणारा कोणताही व्यापार करार संसदेच्या मंजुरीवाचून अमलात येता कामा नये, आणि शेती हा राज्यांचा विषय असल्याने विधानसभांचे मत आधी घेतले गेले पाहिजे. कापसाचे आयात शुल्क हंगामाच्या तोंडावर माफ करण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. डीडीजीएस, लाल ज्वारी आणि सोयाबीन तेल यांना सवलतीच्या यादीतून वगळले पाहिजे. हमीभाव हा घोषणेचा विषय न राहता कायद्याचा विषय झाला पाहिजे.

या मागण्या पत्रके काढून मान्य होणार नाहीत. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत येत्या ग्रामसभांपुढे ठराव गेले पाहिजेत. बाजार समितीच्या संचालकांना त्यावर भूमिका घ्यावयास लावली पाहिजे. खासदार-आमदारांना यादीतील तीन नावे वाचून दाखवून विचारले पाहिजे, की तुम्ही कोणाच्या बाजूला आहात. १८६१ मध्ये वऱ्हाडच्या शेतकऱ्याला मत नव्हते, संघटना नव्हती, म्हणून तो गप्प बसला. आज त्याच्याकडे मत आहे. संघटना देण्याचे काम आपले आहे, आणि ते पेरणीपूर्वी झाले पाहिजे. भाव पडल्यावर काढलेल्या मोर्च्याला व्यापारीही हसतो आणि सरकारही.