विश्लेषण : आजोबांचा ब्लॅकआउट, नातवाचे नोटिफिकेशन… युद्धाकडे पाहण्याची नजर पिढीगणिक का बदलते?

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू असताना अनेक घरांत एकाच बातमीकडे तीन नजरांनी पाहिले गेले. वसई पूर्वेतील एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत, जिथे एकाच फ्लॅटमध्ये आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडे राहतात, तिथे हा फरक सहज जाणवतो. सत्तरीच्या माणसाला खिडकीच्या काचांना चिकटवलेला काळा कागद आठवतो, चाळिशीतल्याला कारगिलहून आलेल्या शवपेट्या. विशीतल्या मुलाची पहिली लढाई मात्र मोबाइलच्या पडद्यावर झाली. हा फरक केवळ वयाचा आहे की आणखी कशाचा?

पिढी आणि युद्ध यांचे नाते काय?

समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मधील निबंधात पिढीची कल्पना मांडली. केवळ एका काळात जन्मल्याने पिढी बनत नाही. ऐन तारुण्यात एकत्र अनुभवलेल्या मोठ्या घटना तिला घडवतात, असा त्यांच्या मांडणीचा गाभा. हा निकष भारताला लावला तर हिशेब सोपा आहे. १९७१ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल २०२५ मध्ये ६४ वर्षांचे झाले. २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांचे देशातील प्रमाण ८.६ टक्के होते. कारगिलनंतर जन्मलेली मुले पंचविशीला पोहोचली आहेत आणि देशातील निम्मी लोकसंख्या तिशीच्या आतली आहे. म्हणजे शहरांवर भोंगे वाजलेले युद्ध ज्यांना आठवते, ते आता अल्पसंख्य आहेत.

वसई-विरारमध्ये यात आणखी एक गोष्ट मिसळते. २०११ मध्ये महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यातले बरेच जण मुंबईतील चाळींतून परवडणाऱ्या घरांसाठी आलेले. एव्हरशाईन सिटी उभी राहिली त्याच्या कितीतरी आधी १९७१ चे युद्ध संपले होते. त्यामुळे इथल्या ज्येष्ठांची युद्धाची आठवण बहुतेकदा गिरगाव, लालबाग, परळची असते. घरातील सामानासोबत लोकलने इथे आलेली.

जुन्या युद्धांनी घराकडून काय मागितले?

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला, तेव्हा राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी महिलांनी अंगावरचे दागिने दिले. त्याच संकटात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याची भावना महाराष्ट्रात रुजली. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले, तेव्हा टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागले.

३ ते १६ डिसेंबर १९७१ या काळात मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्या झाकल्या गेल्या, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवले गेले. मुंबईहून निघालेली ‘आयएनएस खुकरी’ ९ डिसेंबरला दीवजवळ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परतले नाहीत. या पिढीचा देशाभिमान काही कमी नव्हता, पण युद्धाची झळ स्वयंपाकघरापर्यंत आली होती. त्यामुळे विजयाच्या आठवणीला धास्तीचीही जोड राहिली.

कारगिलने काय बदलले?

कारगिल हे घराघरांत दूरचित्रवाणीवर पाहिले गेलेले देशातील पहिले युद्ध. १९९९ च्या मे ते जुलै या काळात बर्फाळ शिखरे, तोफांचे आवाज आणि जवानांच्या मुलाखती दिवाणखान्यात आल्या. ५२७ जवान हुतात्मा झाले. पूर्वी अनेक जवानांवर रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. कारगिलमध्ये पार्थिव गावी पाठवण्यात आले. तिरंग्यात लपेटलेली शवपेटी आणि तिच्यामागचा जनसागर, हे चित्र या पिढीच्या मनावर कोरले गेले.

मात्र घराकडून फारसे काही मागितले गेले नाही. मुंबईत ना ब्लॅकआउट झाला, ना जेवण सोडावे लागले. शिवाय पोखरणच्या मे १९९८ मधील अणुचाचण्यांनंतरचे हे युद्ध होते. नियंत्रण रेषा न ओलांडण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. युद्ध आता दूर आणि मर्यादितच राहील, ही धारणा तेव्हापासून पक्की झाली.

मे २०२५ वेगळे कसे?

२२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जणांची हत्या झाली. त्यात महाराष्ट्रातील सहा जण होते, त्यांपैकी तिघे डोंबिवलीचे. वसई-विरारसारख्याच एका उपनगरातील माणसे सहलीला गेली आणि परतली नाहीत. संताप थेट घराजवळ पोहोचला. ७ मे रोजी लष्करी कारवाई सुरू झाली आणि १० मे रोजी शस्त्रसंधी झाली.

या चार दिवसांत मोबाइलने काय दाखवले? ८ मेच्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या काही वाहिन्यांनी चालवल्या, त्या खोट्या निघाल्या. व्हिडीओ गेममधील आणि जुन्या युद्धांतील चित्रफिती ताज्या म्हणून फिरल्या. शस्त्रसंधी होताच परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांना समाजमाध्यमांवर इतके लक्ष्य केले गेले की त्यांना आपले खाते बंदिस्त करावे लागले. त्याआधी पहलगाममध्ये पती गमावलेल्या एका तरुणीने मुस्लीम आणि काश्मिरींना लक्ष्य करू नका असे म्हटले, तर तिलाही ट्रोल करण्यात आले. या युद्धाने बहुतेक घरांकडून फक्त लक्ष मागितले. ज्यांनी दुसरे काही गमावले नाही, त्यांना शस्त्रसंधी ही चालू सामना मध्येच थांबल्यासारखी वाटली.

मग तरुणच आक्रमक आणि ज्येष्ठ शांतताप्रिय?

असे सरळ समीकरण मांडता येत नाही. मे २०२५ मधील अफवा पुढे पाठवण्यात निवृत्त मंडळीही मागे नव्हती, हे सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असणाऱ्यांना ठाऊक आहे. उलट युक्रेनमध्ये २०२२ साली अडकलेल्या सुमारे साडेबावीस हजार भारतीयांत बहुतेक विद्यार्थी होते. तळघरात रात्री काढलेल्या या विशीतल्या मुलांना युद्ध म्हणजे काय, हे त्यांच्या पालकांपेक्षा अधिक कळते.

अमेरिकेचा दाखलाही बोलका आहे. व्हिएतनाम युद्धाला तरुणांचा विरोध होता, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात त्या काळातील जनमत चाचण्यांत युद्धाला तरुणांपेक्षा ज्येष्ठांचाच विरोध अधिक दिसला. दोन महायुद्धे आणि कोरिया पाहिलेल्या वयाला युद्धाचा हिशेब माहीत होता.

वयाहून मोठा घटक कोणता?

युद्धाची किंमत आपल्या दाराशी येते की नाही, हा. पालघर जिल्ह्यातच त्याचा पुरावा आहे. डहाणू, तलासरी तालुक्यांतील अनेक तरुण गुजरातमधील बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रातील न दिसणारी सीमा ओलांडल्याचा ठपका ठेवून पाकिस्तानची यंत्रणा बोटी पकडते आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात पोहोचतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. संबंध ताणले गेले की सुटका लांबते. अशा घरात आजी आणि नातू यांचे युद्धाबद्दलचे मत वेगळे असण्याचे कारण उरत नाही.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या मुले सैन्यात पाठवली. वसई खाडीपलीकडच्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझ सेक्टरमध्ये हुतात्मा झाले, तेव्हा याच पट्ट्यातील फ्लॅट संस्कृतीने ते दुःख जवळून पाहिले. पण गृहसंकुलांच्या या पट्ट्यात सैन्यातली घरे विरळ आहेत. त्यामुळे पाठिंबा मोठा आणि जोखीम दुसऱ्याची, अशी विभागणी होते.

आठवणी पुसल्या की काय उरते?

त्याचे उत्तर वसईच्या किल्ल्यात आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. त्या वेढ्यात सुरुंग लावताना आणि तटावर चढताना मराठ्यांचीही मोठी हानी झाली. आज स्मरणात उरला आहे तो विजय. कामी आलेल्यांची घरे विस्मृतीत गेली. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि त्यातून पुढचे युद्ध ओढवले, हेही क्वचितच आठवले जाते. १९७१ ची पिढी सरेल तशी त्या युद्धाचीही केवळ विजयकथा उरण्याची शक्यता आहे.

याचा रोजच्या जगण्याशी संबंध काय?

७ मे २०२५ रोजी केंद्राने नागरी संरक्षणाची देशव्यापी रंगीत तालीम घेतली. एवढ्या प्रमाणावर अशी तालीम १९७१ नंतर प्रथमच होत होती. त्यासाठीच्या यादीत पालघर जिल्ह्यातील तारापूरचा समावेश होता. तिथे १९६९ पासून अणुवीज प्रकल्प आहे. अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला आणि त्याच्याही याद्या दरवर्षी १ जानेवारीला दिल्या जातात. म्हणजे वर्षाच्या पहिल्या दिवशी या दोन देशांत जे कागद फिरतात, त्यांचा पालघरशी दुहेरी संबंध आहे.

तरीही चढ-उताराचा भोंगा म्हणजे धोका आणि सलग एकसुरी भोंगा म्हणजे धोका टळला, हे वसाहतींतील किती मुलांना सांगता येईल? सोसायटीच्या जिन्यातील आणि गच्चीवरील दिवे एकदम बंद करण्याची जबाबदारी कुणाची, इन्व्हर्टरवरच्या घरांचे काय, लिफ्टमध्ये अडकलेल्या वृद्धाला कोण काढणार, हे प्रश्न वार्षिक सर्वसाधारण सभेत क्वचितच येतात. १९७१ चा ब्लॅकआउट पाहिलेले रहिवासी अजून इमारतींत आहेत. त्यांना तालमीच्या तयारीत घेतले, तर मुलांना भोंग्याचा अर्थ कळेल. शिवाय त्या १४ दिवसांत घरात काय शिजत होते, कोण जागे राहत होते आणि कोणाचा मुलगा परतला नाही, हेही कळेल. युद्धाबाबत मत बनवताना ही माहिती कोणत्याही नोटिफिकेशनमध्ये मिळणार नाही.