कचेरीची लुंगी

मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांवर असताना टेरिकॉटची पँट घालून कचेरीत बसणाऱ्या पुरुषाला सरकारने एकतर खास भत्ता द्यावा, नाहीतर लुंगी नेसायची मुभा तरी द्यावी. भत्त्याचा अनुभव बघता मी लुंगीच्या पक्षाचा आहे.

"कचेरीत लुंगी?" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच विचारतो. स्कॉटलंडचा माणूस सात-आठ वार लोकर कमरेला गुंडाळून निघाला की त्याला 'किल्ट' म्हणायचं आणि फोटो काढायचे. आपल्याकडे दोन मीटर सूत गुंडाळलं की माणूस आजारी आहे की काय, अशी चौकशी सुरू! लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्त्यांनी धोतरवाले येत राहिले, तुरीचे सौदे करीत राहिले. आधी पँट घालून या, असं तिथं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. तामिळनाडूत तर २०१४ साली वेष्टी नेसलेल्या न्यायमूर्तींना एका क्लबाने दारातून परत पाठवलं, तेव्हा सरकारने त्याच वर्षी कायदा केला. आपण मात्र घामोळ्यांची पावडर लावतो आणि गप्प बसतो.

आता कापडाचं बोलू. कामाची लुंगी म्हणजे झोपायची लुंगी नव्हे. मलमल नको, स्कूटरवर वारा भरला की अब्रूचा प्रश्न येतो. मांजरपाट राठ. पॉलिएस्टर तर मांडीला थकबाकीसारखं चिकटतं. खरी गोष्ट जाडसर खादीची. राष्ट्रध्वजाची खादी उदगीरला विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे ध्वज होतात. ज्या हातांना ते जमतं, त्यांना आमची लुंगी काय जड आहे? २०२१ साली ध्वजसंहितेने पॉलिएस्टरलाही परवानगी दिली म्हणे. झेंड्याचं ठीक आहे, तो दिवसभर वाऱ्यावर असतो. आमच्या कचेरीतला पंखा साहेबांकडे तोंड करून फिरतो.

शिवाय पाणी! २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावं लागलं. त्या मुलखात जीनची पँट धुणं ही चैन आहे. बादलीभर पाणी पिऊन ती दोन दिवस ओलीच. लुंगी अर्ध्या बादलीत निघते आणि डाळ शिजेपर्यंत वाळते.

रंग गडद, चौकडीचा. शाईचे नि चहाचे डाग त्यात मुरतात. कापड रात्रभर भिजवून मगच शिवायला टाकावं, नाहीतर पहिल्या धुण्यात लुंगीची चड्डी होते. पन्हा पन्नास इंच. उंच माणसाने थोडा जास्त घ्यावा. काठ घोट्याच्या चार बोटं वर, म्हणजे जिन्यात पाय अडकत नाही. गाठीवर भिस्त नको, पट्ट्यासाठी लूप हवेत. आणि खिसा! तिथंच घोडं अडलंय. आमचा शिंपी म्हणतो, "लुंगीला खिसा? मंग पायजमाच शिवून देतो की, साहेब."

त्याला तिसऱ्यांदा सांगून आलोय: उजव्या बाजूला, दुहेरी शिलाईचा, चष्मा नि पासबुक मावेल एवढा.