अनधिकृत चिलखत

वाहनाचा रोबोट आणि रोबोटचे पुन्हा वाहन होणारी ‘ट्रान्सफॉर्मर्स’ खेळणी अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९८४ साली बाजारात आणली. त्यांचे आरंभीचे साचे जपानच्या टाकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ या मालिकांतून घेतलेले होते. त्या काळी या खेळण्यांसाठी हट्ट धरणारी मुले आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांपैकी अनेकांनी तीच खेळणी नव्याने जमविण्याचा छंद जोपासला आहे. या छंदाची एक शाखा मोठी विलक्षण आहे. तिच्यात रोबोटपेक्षा त्याला जोडावयाचे सुटे भाग अधिक आवडीने जमविले जातात: शस्त्रे, हातांचे पंजे, डोकी, ट्रेलर, चिलखते. हे भाग मूळ कंपनी तयार करीत नाही. चीन, हाँगकाँग इत्यादी ठिकाणचे लहान उत्पादक ते परवान्याशिवाय बनवितात. संग्राहकांच्या परिभाषेत त्यांना ‘थर्ड पार्टी’ म्हणतात.

या व्यवसायाचे मूळ कशात आहे, हे अल्ट्रा मॅग्नस या पात्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९८६ साली विक्रीस आलेले त्याचे खेळणे दोन भागांचे होते. एक पांढरा ट्रक-रोबोट आणि त्याच्या मागे जोडलेला, मोटारी वाहून नेणारा ट्रेलर. ट्रेलरचे भाग सुटे करून अंगावर चढविले की आतला लहान रोबोट भव्य योद्धा होत असे. त्याच वर्षीच्या चित्रपटात मुलांनी पाहिला तो हा चिलखतधारी मॅग्नस. आतल्या पांढऱ्या रोबोटचे दर्शन तेथे घडलेच नाही. पुढे २००६ च्या ‘क्लासिक्स’ मालिकेत हॅस्ब्रोने ऑप्टिमस प्राइमचा नवा साचा काढला आणि कालांतराने त्याच साच्यातून पांढरा मॅग्नस आणला. मात्र त्याला ट्रेलर नव्हता, म्हणजे चिलखतही नव्हते. ज्यांच्या स्मरणात चिलखत हाच मॅग्नस होता, त्यांच्या हाती नेमका तोच भाग आला नाही.

ही उणीव २००८ च्या सुमारास ‘फॅन्सप्रोजेक्ट’ नावाच्या उत्पादकाने ओळखली. त्याने काढलेला संच ट्रकमागे जोडला की ट्रेलर होई आणि रोबोटच्या अंगावर चढविला की चिलखत. खोक्यावर मॅग्नसचे नाव कोठेही नव्हते. नाव होते ‘सिटी कमांडर’. जाणकारांना तेवढा संकेत पुरेसा होता, कारण मूळ खेळण्याच्या माहितीपत्रकात मॅग्नसचे पद हेच दिलेले होते. पात्राचे नाव ही कंपनीची मालमत्ता असते, म्हणून नाव टाळून पात्र सुचविण्याची ही रीत या क्षेत्रात रूढ झाली.

येथेच या छंदातील नैतिक पेच उभा राहतो. केवळ जोड तयार करणाऱ्याचा युक्तिवाद असा की, त्याचे चिलखत वापरण्यासाठी अधिकृत खेळणे आधी विकत घ्यावेच लागते. मूळ कंपनीचे गिऱ्हाईक त्याने पळविलेले नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु मॅग्नसचे रूप ज्यांनी कल्पिले, त्यांच्या श्रमांवरच हे चिलखत उभे आहे, हेही तितकेच खरे. पुढे काही उत्पादक जोडांवर न थांबता परवान्याशिवाय संपूर्ण रोबोटच बनवू लागले, तेव्हा तो युक्तिवाद लटका पडला. शिवाय थर्ड पार्टीच्या नावाजलेल्या संचांच्याही स्वस्त नकला निघाल्या. ज्याने स्वतः परवाना घेतला नाही, त्याने नकलेबद्दल दाद तरी कोणाकडे मागावी?

संग्राहकापुढील प्रश्न मात्र अधिक घरगुती आहे. असे संच थोड्या संख्येने निघतात. त्यामुळे चिलखताची किंमत पुष्कळदा मूळ खेळण्याच्या कितीतरी पट होते. जड भागांनी रोबोटचे सांधे सैल पडतात. चिलखत एकाच साच्याच्या मापाचे असल्याने तो रोबोट मोडला की ते निरुपयोगी ठरते. त्यातच २०१९ च्या ‘सीज’ मालिकेत हॅस्ब्रोने सुटे होणारे चिलखत आणि आतला रोबोट असलेला मॅग्नस स्वतःच विक्रीस आणला. ज्या उणिवेसाठी एवढा खर्च झाला, ती मूळ कंपनीनेच भरून काढली.

तरीही मागणी थांबली नाही. खर्च वाचविण्यासाठी नव्या खेळण्यांचे हातपाय मागील बाजूने पोकळ ठेवलेले असतात. ती पोकळी झाकणारे लहान तुकडे आता घरगुती त्रिमितीय मुद्रणयंत्रावरही बनतात. बहुतेक रोबोटांच्या मुठींना ५ मिलिमीटरचे छिद्र असल्याने शस्त्रांना तर अंतच नाही. एक पोकळी बुजली की नजर दुसरीकडे वळते.

मॅग्नसचे चिलखत आणि रोबोटच्या पोटरीमागील पोकळी या दोन उणिवा एकाच तोलाच्या नव्हेत. पहिली खेळणारालाही जाणवते. दुसरी बहुधा खेळणे फडताळात मांडून त्याकडे निरखून पाहणाऱ्यालाच दिसते. पैसे मोजण्यापूर्वी हा भेद ज्याला करता येतो, त्याचा संग्रह आटोपशीर राहतो आणि घरातील माणसांच्या कौतुकासही पात्र ठरतो. ज्याला तो करता येत नाही, त्याच्या फडताळात रोबोट थोडे आणि त्यांची चिलखतेच अधिक साठत जातात.