आकाशगंगेच्या आतून

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना रात्र मोठी लाभते. वैशाखातील अंधाऱ्या, निरभ्र मध्यरात्री देवळ्याबाहेर शेताच्या बांधावर उभे राहिल्यास वृश्चिक व धनु राशींतून जाणारा आकाशगंगेचा फिकट पट्टा दिसतो. तिचा सर्पिल आकार मात्र दिसत नाही. सुमारे एक लाख प्रकाशवर्षे व्यासाच्या या चपट्या चकतीतच, केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, आपला सूर्य आहे. कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टरांच्या रांगांमध्ये उभ्या असलेल्या माणसास शेजारची चार वाहने दिसतात. साऱ्या आवाराची मांडणी दिसत नाही.

विल्यम हर्शेल यांनी १७८५ मध्ये निरनिराळ्या दिशांतील तारे मोजून आकाशगंगेचा आराखडा काढला. त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी आला. मोजणी प्रामाणिक होती. परंतु ताऱ्यांमधील धूळ दूरचा प्रकाश अडविते, हे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० मध्ये दाखवून दिले. दाट धुक्यात उभा असलेला प्रत्येक जण मध्यावरच असल्यासारखा भासतो.

हायड्रोजन वायूच्या २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी ही धूळ पार करतात. त्या १९५१ मध्ये प्रथम टिपल्या गेल्या. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढ्या स्वरात, तर दूर जाणाऱ्या गाडीची उतरत्या स्वरात ऐकू येते. लहरींतील अशाच फरकावरून वायुमेघांचा वेग कळतो आणि आकाशगंगेच्या परिभ्रमणाचा हिशेब लावून त्यांचे अंतर काढता येते. अशा रीतीने सर्पिल भुजांचा नकाशा आकारास आला. पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगावाजवळ, खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण हायड्रोजनच्या याच लहरी ऐकते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरल्या आहेत. सर्वांच्या नोंदी एकत्र केल्यावरच चित्र स्पष्ट होते.

जैन न्यायशास्त्रात प्रत्येक नय अंशतः सत्य मानला आहे. इतर नयांना नाकारणारा तो दुर्नय. हर्शेल यांची मोजणी हा एक नय होता. तोच पूर्ण सत्य मानला असता, तर सूर्य आजही मध्यभागीच राहिला असता.

पेढीवरील भागीदारी तुटते तेव्हाही अनेकदा दोन्ही भावांच्या वह्या खऱ्या असतात. प्रत्येकाने आपल्या गादीवरून दिसले तेवढेच लिहिलेले असते. वाटणीचा कागद करण्यापूर्वी दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचणे, हाच व्यवहारातील अनेकांत होय.