कुत्री उचलून नेली की काम संपत नाही. गावाला आधी पशुवैद्यक हवा

मोकाट कुत्र्यांचा विषय 2025 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 22 ऑगस्टच्या आदेशात न्यायालयानं सांगितलं की, कुत्री पकडा, नसबंदी करा, लस टोचा, जंताचं औषध द्या आणि जिथून उचलली तिथंच सोडा. पिसाळलेली, तसा संशय असलेली आणि अंगावर धावणारी कुत्री मात्र सोडायची नाहीत. 7 नोव्हेंबरला पुढचा आदेश आला. शाळा, दवाखाने, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायची, परत त्या जागी सोडायची नाहीत.

आदेश झाले, पण नसबंदी आणि लस हे काम पशुवैद्यकाचं आहे. तालुक्याला गाई, म्हशी, शेळ्या बघायलाच डॉक्टर पुरत नाहीत, मग कुत्र्यांकडं कोण बघणार, हा खरा प्रश्न आहे.

गावात आजवर चालत आलेला उपाय म्हणजे कुत्री पोत्यात घालायची आणि दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडायची. त्यानं काही साधत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत खरकट्याच्या वासानं नवी कुत्री येतात, तीही बिनलसीची. म्हणूनच 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत कुत्रं होतं त्याच भागात सोडायला सांगितलंय. हे काम करून घेण्याची जबाबदारी नगरपालिकेइतकीच पंचायतीचीही आहे.

गोव्यात काय झालं?

शेजारच्या गोव्यात हे काम करून दाखवलं गेलंय. ल्यूक गॅम्बल हे ब्रिटनचे पशुवैद्यक. जिथं जनावरांना डॉक्टर मिळत नाही अशा देशांत डॉक्टर आणि औषधं पाठवणारी संस्था त्यांनी काढली. त्या कामात रेबीजचा प्रश्न समोर आला आणि 2013 मध्ये भारतात 'मिशन रेबीज' सुरू झालं. गोव्यात राज्य सरकार सोबत आलं.

पद्धत साधी होती. पथकानं वाडीवस्तीवर जायचं, जाळ्यात कुत्रं धरायचं, जाळ्यातच लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची, मोबाईलवर नोंद करायची आणि तिथंच सोडून द्यायचं. जोडीला शाळेत मुलांना धडे आणि कुत्रं पिसाळल्याची खबर द्यायला फोन नंबर.

दरवर्षी शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस, हे उद्दिष्ट होतं. एकदा टोचून भागत नाही, कारण कुत्री दोन महिन्यांत विते आणि वर्षभरात बिनलसीची नवी पिढी उभी राहते. गोव्यात कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला. 2018 पासून सलग तीन वर्षं रेबीजनं एकही माणूस दगावला नाही. 2021 मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' जाहीर झाला.

आपल्याकडचा डॉक्टर

ग्रामीण भागातला पशुवैद्यक कुत्र्यांपर्यंत बहुतेक वेळा गोठ्यातून पोचतो. पिसाळलेलं कुत्रं म्हशीला चावतं. काही दिवसांनी म्हैस लाळ गाळते, वैरण गिळत नाही. घशात काही अडकलंय समजून मालक तोंडात हात घालतो. हाच सगळ्यात मोठा धोका, कारण रेबीज लाळेतून येतो. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नये, दूध काढून पिऊ नये, आधी डॉक्टरला बोलवावं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जनावर वाचत नाही, त्यामुळं लस आधी कुत्र्यालाच द्यावी लागते.

माणसाला कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा आणि सगळे डोस पुरे करायचे.

घर मिळणं शेवटी

न्यायालयानं मोकाट कुत्रं दत्तक घ्यायलाही मोकळीक दिली आहे. स्थानिक संस्थेकडं अर्ज करायचा, पण घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. वस्तीवर राखणीला गावठी कुत्रं चांगलं, भाकरी-ताकावर राहतं. पण दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नये. लस आणि पुढं नसबंदी केली नाही, तर घरातलंच कुत्रं उद्या मोकाट पिल्लांची भर घालतं. मादी पिल्लं कुणी नेत नाही, हीच पिल्लं बाजाराच्या दिवशी स्टँडवर सोडलेली दिसतात.

एका गावाला ऑपरेशनचं केंद्र परवडणार नाही. पाच-दहा ग्रामपंचायतींनी मिळून पंचायत समितीकडं मागणी केली, तर फिरतं पथक आणि वर्षातून एक लसीकरण शिबिर शक्य आहे. येत्या ग्रामसभेत गावातली कुत्री मोजण्याचा आणि लसीकरणासाठी पत्र देण्याचा ठराव घ्यायला पैसा लागत नाही.