दोन सेकंदांचा वाद : चावेझ विरुद्ध टेलर, १९९० #इतिहासथ्रेड

१७ मार्च १९९०, लास वेगास. हिल्टन हॉटेलातील लढतीच्या बाराव्या आणि अखेरच्या फेरीची दोन मिनिटे अठ्ठावन्न सेकंदे उलटली असताना पंच रिचर्ड स्टील यांनी हात हलवून लढत थांबवली. फेरी तीन मिनिटांची असते. मेल्ड्रिक टेलर आणखी दोन सेकंद उभा राहता, तर जिंकला असता. त्याऐवजी नोंद झाली ती अशी : हुलिओ सेझार चावेझ विजयी, तांत्रिक नॉकआउट, फेरी बारावी, वेळ २:५८.

तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी या दोन सेकंदांचा वाद शमलेला नाही. स्टील यांनी टेलरचा विजय हिरावून घेतला, असे मानणारे आजही बहुसंख्य आहेत. या थ्रेडची भूमिका उलट आहे. स्टील यांचा निर्णय योग्य होता, आणि तो का योग्य होता हे १९९० च्या चित्रफितीपेक्षा १९६२ आणि १९८२ या दोन सालांकडे पाहिल्यावर अधिक उमगते.

आधी लढत. दोघेही १४० पौंडांच्या वजनगटातील विजेते, दोघेही अपराजित. मेक्सिकोचा चावेझ संथ पावलांनी पुढे सरकणारा आणि प्रत्येक ठोशाचा हिशेब चुकता करणारा. फिलाडेल्फियाचा टेलर अवघ्या सतराव्या वर्षी, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलेला. त्याच्या हातांच्या वेगाला त्या काळी तोड नव्हती. त्या वेगाच्या बळावर त्याने फेऱ्यामागून फेऱ्या जिंकल्या. अकरा फेऱ्यांअखेर दोन परीक्षकांनी त्याला १०८-१०१ आणि १०७-१०२ असे पुढे ठेवले होते. तिसऱ्याने मात्र चावेझला १०५-१०४ अशी एका गुणाची आघाडी दिली होती. (ही तिसरी गुणपत्रिका हा स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.) अखेरच्या फेरीत टेलर एकदा खाली पडला म्हणून ती फेरी ८-१० अशी गमावली असे धरले, तरी दोन गुणपत्रिका त्याच्याच बाजूने राहिल्या असत्या.

पण गुणपत्रिकेत ठोशांची संख्या आणि सफाई उमटते, त्यांचे वजन उमटत नाही. टेलर चावेझला टाळून लढत नव्हता. जवळ जाऊन लढत होता, आणि जिंकलेल्या प्रत्येक फेरीची किंमत मोजत होता. चेहरा सुजत चालला होता, तोंडातले रक्त तो गिळत होता. लढतीनंतर रुग्णालयात चेहऱ्याचे हाड मोडल्याचे निष्पन्न झाले. लघवीतूनही रक्त जात होते.

आता कळीचा प्रसंग. बाराव्या फेरीपूर्वी टेलरच्या कोपऱ्यात प्रशिक्षक लू डुव्हा यांनी त्याला सांगितले की ही फेरी तुला जिंकावीच लागेल. हे खरे नव्हते. तीन मिनिटे रिंगणात नुसता पळत राहिला असता तरी तो जिंकला असता. गुणपत्रिका लढत संपेपर्यंत उघड होत नाहीत, हे डुव्हांच्या बाजूने मान्य करावे लागेल. परंतु थकून चूर झालेल्या माणसाला पुन्हा तोफेच्या तोंडी पाठवण्याचा निर्णय त्यांचाच होता. शेवटची पंधरा-सोळा सेकंदे उरली असताना चावेझचा उजवा ठोसा बसला आणि टेलर कोपऱ्यात कोसळला. दोरांचा आधार घेत तो उठला. स्टील यांनी आठपर्यंत मोजले, त्याच्या चेहऱ्याजवळ जाऊन तो ठीक आहे का असे विचारले, पुन्हा विचारले. उत्तर आले नाही. त्याच वेळी डुव्हा रिंगणाच्या कट्ट्यावर चढून ओरडत होते आणि टेलरची नजर त्यांच्याकडे वळली होती. कोपऱ्याच्या खांबावर अखेरच्या दहा सेकंदांचा लाल दिवा लुकलुकत होता. स्टील यांनी लढत थांबवली.

टीकाकारांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा की उरलेल्या दोन सेकंदांत चावेझ समोर येऊन ठोसा मारू शकलाच नसता. मग धोका कसला? मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यासाठी पंचाने घड्याळाकडे पाहून टेलरच्या प्रकृतीचा निर्णय करायला हवा होता. वेळ राखणे हे आपले काम नव्हे, असे स्टील नेहमी सांगत आले. या वाक्याची हेटाळणी झाली असली, तरी ते शब्दशः खरे आहे. वेळ सांभाळायला वेगळा अधिकारी असतो. पंचाला एकच प्रश्न सोडवायचा असतो : समोरचा माणूस या क्षणी स्वतःचा बचाव करू शकतो का? दोन सेकंदांची सवलत मान्य केली, तर पाच सेकंदांची का नाही? दहा सेकंदांची का नाही?

सेकंदांचे मोल काय असते, हे २४ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दिसले होते. बेनी पारेट विरुद्ध एमिल ग्रिफिथ. तीही बारावीच फेरी. पारेट कोपऱ्यात अडकला, हात खाली आले, आणि ग्रिफिथचे ठोसे थांबेनात. पंच रूबी गोल्डस्टीन अनुभवी होते, नावाजलेले होते. ते मध्ये पडले, पण काही सेकंद उशिरा. हे सारे अमेरिकेतील घराघरांत दूरचित्रवाणीवर थेट दिसत होते. पारेट शुद्धीवर आला नाही. दहा दिवसांनी, ३ एप्रिलला त्याचा मृत्यू झाला. केवळ साडेतीन महिन्यांपूर्वी जीन फुलमरने त्याला बेदम मारले होते आणि तरीही त्याला पुन्हा रिंगणात उतरू दिले गेले होते. म्हणजे दोष एकट्या गोल्डस्टीन यांचा नव्हताच. लोकांच्या स्मरणात मात्र राहिले ते त्यांचेच उशीर झालेले पाऊल.

दुसरा प्रसंग लास वेगासचाच, सीझर्स पॅलेसचा. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी दक्षिण कोरियाचा किम दुक-कू रे मॅन्सिनीशी झुंजत होता. लढत पंधरा फेऱ्यांची होती. चौदाव्या फेरीच्या आरंभी तो कोसळला आणि पंच रिचर्ड ग्रीन यांनी लढत थांबवली. किम त्यानंतर चार दिवसांनी मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावला. डब्ल्यूबीसी या संघटनेने आपल्या जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या केल्या. दशक सरेपर्यंत इतर प्रमुख संघटनाही त्याच मार्गाने गेल्या. चावेझ-टेलर लढत बाराव्या फेरीत ‘अखेरची’ होती, ती किमच्या मृत्यूमुळेच. पुढे किमच्या आईने आत्महत्या केली. जुलै १९८३ मध्ये ग्रीन यांनीही केली.

ग्रीन आणि स्टील एकाच शहरात, एकाच नेवाडा राज्याच्या आयोगाखाली काम करणारे पंच. १९९० च्या त्या रात्री स्टील यांच्या मनात ग्रीन होते की नव्हते, हे ठरवण्याचे कारण नाही. त्यांच्या व्यवसायाच्या स्मृतीत ते होते, एवढे पुरेसे आहे.

संशयाचीही बाब आहे. चावेझचे प्रवर्तक डॉन किंग; त्यांच्या अनेक मोठ्या लढतींत स्टील पंच होते. वर्षभराने, १८ मार्च १९९१ रोजी, किंग यांच्याच माइक टायसनची डोनोव्हन रडॉकशी लढत होती. स्टील यांनी ती सातव्या फेरीत थांबवली आणि रिंगणात हाणामारी झाली. संशय यावा असे हे चित्र आहे खरे. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि टेलरच्या प्रकृतीविषयी तो काहीच सांगत नाही.

या थांबवण्याने टेलरची कारकीर्द संपली, हेही सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात जानेवारी १९९१ मध्ये तो वरच्या वजनगटात, वेल्टरवेटमध्ये, डब्ल्यूबीएचा विजेता झाला. त्याचे हातपाय मंदावले ते नंतर. मे १९९२ मध्ये टेरी नॉरिसने त्याला चौथ्या फेरीतच गारद केले. सप्टेंबर १९९४ च्या फेरलढतीत चावेझने त्याला आठव्या फेरीत हरवले. पुढे त्याचे बोलणेही जड आणि अस्पष्ट झाले. हे नुकसान स्टील यांच्या हात हलवण्याने झालेले नाही. ते त्यापूर्वीच्या पावणेबारा फेऱ्यांनी आणि त्यानंतरच्या लढतींनी झाले.

म्हणून खरा प्रश्न डुव्हांच्या कोपऱ्याकडे वळवायला हवा. १९७५ मध्ये मनिलात चौदा फेऱ्यांनंतर एडी फच यांनी जो फ्रेझरला शेवटच्या फेरीसाठी उठूच दिले नाही. अलीसारख्या प्रतिस्पर्ध्यासमोर, फ्रेझर विनवत असतानाही. १९८० मध्ये होम्सचा मार खाणाऱ्या अलीला अँजेलो डंडी यांनी दहाव्या फेरीनंतर थांबवले. (त्या लढतीचे पंच होते रिचर्ड ग्रीन.) मुष्टियोद्ध्याचा पहिला रक्षक त्याचा कोपरा असतो, पंच दुसरा. त्या रात्री लास वेगासमध्ये पहिल्या रक्षकाने टेलरला पुढे ढकलले, आणि दुसऱ्याला हात आडवा घालावा लागला.

डुव्हांचा १९९८ मध्ये आणि स्टील यांचा २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. मधल्या वर्षांत रिंगणात नाव पुकारले की प्रेक्षकांची हुर्यो मात्र स्टील यांच्याच वाट्याला येत राहिली.