शिबिर संपल्यावर मुलं जातात कुठं?

आपल्या शहरात शिबिरांना तोटा नाही. नेतृत्व विकास, व्यक्तिमत्त्व विकास, करिअर मार्गदर्शन, महिलांसाठी शिवणकाम, तरुणांसाठी संगणक. रमजान संपला की एक लाट येते, दहावी-बारावीचे निकाल लागले की दुसरी. फ्लेक्स लागतो, पाहुणे येतात, सत्कार होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि ग्रुप फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. हे करणारी माणसं मनापासून करतात, अनेकदा पदरमोड करून करतात, हे मला माहीत आहे. पण मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या धंद्यात काम झालं असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न येतो तो असा: वापरणाऱ्याकडं ते चालतंय का? तोच प्रश्न मला आपल्या संस्थांना विचारायचा आहे. शिबिर संपल्यावर मुलं जातात कुठं?

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर मिळत नाही, कारण नोंदच नसते. किती जण बसले याची हजेरी असते, ती अनुदानाला किंवा देणगीदाराला दाखवावी लागते. वर्षानं त्यातला कोण कुठं कामाला आहे, पगार किती, काम सोडलं असेल तर का सोडलं, हे कुठल्या रजिस्टरमध्ये सापडत नाही. केंद्र सरकारच्या 'सीखो और कमाओ' या योजनेत निदान कागदावर अट होती. २०१३ साली सुरू झालेल्या या योजनेत प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेनं किमान ७५ टक्के उमेदवारांना काम मिळवून द्यायचं आणि त्यातल्या निम्म्यांना तरी संघटित क्षेत्रात, असं ठरलं होतं. आता ही योजना आणि अल्पसंख्याक महिलांच्या नेतृत्वासाठी असलेली 'नई रोशनी', दोन्ही 'पीएम विकास' या एकाच नावाखाली आल्या आहेत. नावं बदलत राहतील. आपलं स्वतःचं रजिस्टर असेल तर नावं बदलल्यानं काही बिघडत नाही.

याबाबतीत कोल्हापूरच्या माणसाला दुसरीकडं उदाहरण शोधायला जायची गरज नाही. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग आपण रोज बघतो. जलसा असला, बैठक असली, कुणाचा निकाह असला की आत जातो. ते कसं उभं राहिलं हे मात्र सांगण्यापुरतंच सांगतो: शाहू महाराजांनी दिलं. महाराजांनी दिलं हे खरंच आहे, पण नुसती जागा देऊन ते थांबले नाहीत. मुस्लिम समाजातून शिक्षणासाठी कुणी पुढं येईना, तेव्हा त्यांनी आधी दहा मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगमध्ये ठेवून घेतलं. मुलं शिकतायत हे दिसल्यावर १९०६ साली समाजातल्या जाणत्या लोकांना एकत्र बोलावून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि अध्यक्षपद स्वतःकडं घेतलं. म्हणजे आधी दहा मुलं आणि मग संस्था. आपण उलटं करतो. आधी संस्था, लेटरहेड, पदाधिकाऱ्यांची यादी, आणि मग मुलं शोधायला बाहेर पडायचं.

त्याहून मोठी गोष्ट २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्यात आहे. करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा तो हुकूम. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले, अशी त्यात व्याख्या होती, म्हणजे मुसलमान त्यात आलेच. ५० टक्क्यांचा आकडा सगळ्यांच्या तोंडात असतो. पण त्याच हुकमात शेवटी एक सूचना आहे, जिच्याबद्दल भाषणात फारसं कुणी बोलत नाही: प्रत्येक खातेप्रमुखानं, या हुकमानंतर केलेल्या नेमणुकांचं तिमाही पत्रक सादर करायचं. मला विचाराल तर सगळ्या जाहीरनाम्यात हे कलम मला जास्त आवडतं. हुकूम काढणं सोपं असतं. दर तीन महिन्यांनी कुणाला घेतलं ते लिहून द्या म्हटलं की खातेप्रमुखाला टाळाटाळ करता येत नाही. १९०१ साली मराठा बोर्डिंग निघालं आणि पुढच्याच वर्षी हा हुकूम आला, हा क्रमही बघण्यासारखा आहे. मुलांना शिकवायचं तर शिकल्यावर बसायला खुर्ची लागते, हे त्या राजाला कळत होतं.

आणि गंगाराम कांबळे. ही गोष्ट मुस्लिम समाजाची नाही, पण प्रशिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेनं ती वाचावी. राजाच्या पागेतले सेवक असलेल्या गंगाराम कांबळेंना, हौदातल्या पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हॉटेलात चहा प्यायला कोण येणार? तर महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. भांडवल दिलं, आणि पहिलं गिऱ्हाईकही स्वतःच झाले. कौशल्य देणाऱ्या योजना पुष्कळ असतात. गिऱ्हाईक आणि मालक मिळवून देण्याच्या योजना जवळपास नसतात, आणि आपल्या मुलांची गाडी नेमकी तिथंच अडते.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. वर्तमानपत्रातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सगळं सारखं, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता त्यांच्या हिशेबात जेमतेम एक तृतीयांश निघाली. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम कामगारांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारात होते; हिंदूंमध्ये हेच प्रमाण ५५ टक्के. आपल्याला धंद्याची आवड आहे असं आपण कौतुकानं म्हणतो. काहींना असेलही. पण पगाराच्या नोकरीचं दार अर्धवट उघडतं म्हणून हातगाडी लावलेले किती, हे आपापल्या गल्लीत बघा. इंग्रजी संभाषणाच्या वर्गानं हे दार उघडत नाही. ओळखीचा, भरवशाचा कुणीतरी 'हा पोरगा मी पाहिलाय' असं म्हणाला तरच उघडतं, आणि असं म्हणणं हेच सामाजिक संस्थेचं काम आहे.

मी रविवारी सकाळी आमच्या मोहल्ल्यातल्या एका हॉलमध्ये मुलांना शिकवतो. संगणक म्हणायचा, पण खरं तर जे लागेल ते. तिथं एक मुलगा येतो. पंधराव्या वर्षापासून उद्यमनगरात लेथवर काम करतोय. व्हर्निअर त्याच्या हातात बघावं, ड्रॉइंग वाचतो तर माझ्यापेक्षा चांगलं. मी त्याला सीएनसी मशीनचा जी-कोड समजावून सांगायला बसलो, तर तीन रविवारांत तो मलाच विचारायला लागला की हा कट एवढ्या फीडनं घेतला तर टूल टिकेल का? एवढा हुशार मुलगा एका कारखान्यात अर्ज घेऊन गेला, तर गेटवरच आयटीआयचं प्रमाणपत्र मागितलं. ते नाही. विषय संपला. त्याच्याकडं नेतृत्व शिबिराची दोन प्रमाणपत्रं आहेत, लॅमिनेट केलेली.

अशा मुलासाठी कायद्यात वाट आहे. ती सांगायला आपल्याकडं कुणी बसलेलं नसतं, म्हणून इथं सांगतो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, केंद्र सरकार भरतं. म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीतल्या फाउंड्री आणि मशीन शॉपना शिकाऊ मुलं हवीच असतात, कायद्यानंही आणि कामासाठीही. शिवाय आधीपासून काम येणाऱ्या कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे. मोहल्ल्यातला गवंडी, शिकलगार, गॅरेजवाला, वायरमन यांना नव्यानं शिकवायचं काही नाही, त्यांच्या हातातल्या कामावर शिक्का मारून घ्यायचा आहे. संस्थेनं करायचं ते एवढंच: पोर्टलवर नोंदणी, कागदपत्रं, कारखान्याच्या एचआरला भेटून आपल्या मुलांबद्दल शब्द टाकणं, आणि पहिले दोन-तीन महिने बसभाडं. पहिला पगार हातात पडेपर्यंत डबा आणि भाडं परवडत नाही म्हणून मुलं गळतात, हे मी पाहिलंय. रमजानमधल्या जकातीचा मोठा भाग रेशन किटमध्ये जातो. गरजू मुलाच्या तीन महिन्यांच्या बसभाड्यासाठी त्यातला काही भाग देता येईल का, हे आपल्या उलेमांना विचारून ठरवावं, एवढं तरी मी म्हणेन.

कोल्हापुरात हे नवीन नाही. आपल्या तालमीतल्या 'वस्ताद' या शब्दाचं मूळ उस्ताद. वस्ताद पोराला डाव शिकवून घरी पाठवत नाही. त्याच्या खुराकाकडं बघतो, मैदानात नेतो, कुणाशी जोड लावायची ते ठरवतो, आणि पोरगा पडला तर दुसऱ्या दिवशी पहाटे परत लाल मातीत उतरवतो.

बायकांच्या प्रशिक्षणावर मी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आमच्या सहकारी भगिनी माझ्यापेक्षा नेमकं लिहितील. शिलाई मशीन वाटप बंद करा असं म्हणत नाही. पण एका गल्लीत वीस मशीन दिल्यावर ब्लाउज शिवायला टाकणार कोण, हे आधी मोजा. बी.कॉम. झालेल्या मुली आपल्या घरात आहेत. त्यांना टॅली, जीएसटी आणि एखाद्या कर सल्लागाराकडं सहा महिन्यांची उमेदवारी द्या. नर्सिंगला जाणाऱ्या मुलीचं वसतिगृह भरा. 'नई रोशनी'चं मुख्य प्रशिक्षण सहा दिवसांचं, पंचवीस बायकांच्या तुकडीचं. सहा दिवसांत हक्कांची ओळख होते. ते वापरायला खुर्ची वेगळी शोधावी लागते. ती खुर्ची शिक्षण हक्क कायद्यानं ठेवलेली आहे: शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य महिला. तुमच्या वॉर्डातल्या महापालिका शाळेच्या समितीवर आपल्यातल्या किती आया आहेत? शिबिराला गेलेल्या पंचवीस जणींपैकी दोघी जरी तिथं बसल्या आणि पोषण आहाराचा हिशेब विचारू लागल्या, तरी ते शिबिर कामाला आलं म्हणेन.

आता पुरुषांच्या, आणि खरं सांगायचं तर ट्रस्टच्या, नेतृत्वाबद्दल. ७ जून २०२३ आपण विसरलेलो नाही. मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. आमच्यासारख्या घरून काम करणाऱ्यांचं कामही ठप्प झालं, पण ते सोडा. आमच्या भागात त्या दिवसांत पोलीस ठाण्यात कुणी जायचं, अधिकाऱ्यांशी कुणी बोलायचं हा प्रश्न आला, तेव्हा पुढं आलेली सगळी नावं साठीच्या पलीकडची होती. त्या बुजुर्गांनी जे केलं त्याला तोड नाही. पण स्टेटस काय असतं, फॉरवर्ड कुणी केला, स्क्रीनशॉटचा अर्थ काय, हे त्यांना पोरांकडूनच समजून घ्यावं लागत होतं, आणि ती पोरं बाहेर कट्ट्यावर उभी. त्यात २०२० च्या नोव्हेंबरनंतर अनेक वर्षं महापालिकेत निवडून आलेला नगरसेवकच नव्हता. दाद मागायला जायचं कुणाकडं? अशा वेळी भाषणकलेचा वर्ग उपयोगी पडत नाही. एफआयआर वाचता येणारा, अर्ज लिहिता येणारा, शेजारच्या तालमीतल्या मित्राला रात्री अकराला फोन लावू शकणारा तिशीतला माणूस लागतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात अशी माणसं होती. जेवण, औषधं, बोटी, याद्या सगळं पोरांनी सांभाळलं, जात-धर्म न बघता. पाणी ओसरलं आणि ट्रस्टच्या बैठकीत ती पोरं पुन्हा खुर्च्या मांडणारे कार्यकर्ते झाली.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे. मशिदींचे, शाळांचे, जमातींचे जे ट्रस्ट आहेत, त्यांनी पस्तिशीच्या आतल्या दोघांना, आणि त्यातली एक तरी स्त्री, नुसतं निमंत्रित म्हणून न घेता सहीच्या अधिकारासह घ्यावं. त्यांच्याकडं हिशेब द्यावा, ऑडिटरसमोर बसवावं, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पाठवावं. चुका होतील, बुजुर्गांनी त्या दुरुस्त कराव्यात. राज्य सरकारनं २०२४ साली बार्टी-सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन आणि प्रशिक्षण संस्था मंजूर केली. तिथं काय शिकवलं जाईल, कुणाला घेतलं जाईल, कोल्हापूरसारख्या जिल्ह्याच्या वाट्याला काय येईल, हे विचारायलाही हीच माणसं लागणार आहेत.

आमच्या रविवारच्या वर्गापुरतं आम्ही एक रजिस्टर सुरू केलं आहे. नाव, कुठलं काम येतं, कुठं पाठवलं, तीन महिन्यांनी कुठं आहे, सहा महिन्यांनी कुठं आहे, पगार, आणि सोडलं असेल तर कारण. लेथवरच्या त्या मुलाचं नाव त्यात पहिलं आहे; 'कुठं पाठवलं' हा रकाना अजून रिकामा आहे. एमआयडीसीत मशीन शॉप असलेल्या, किंवा तिथं सुपरवायझर असलेल्या वाचकांनी तो भरायला मदत करावी. इतर संस्थांनी आपलं रजिस्टर आमच्याशी ताडून बघावं. दर तिमाहीला मुलांची नावं न देता आम्ही आमचे आकडे इथं छापू, पहिल्या तिमाहीला दोन निघाले तरी दोन.